चार नेमणूकपत्रे

परवा जुनी पेटी आवरताना माझी चार नेमणूकपत्रे सापडली. १९७३ पासून १९७६ पर्यंत, दर जूनला एक. चारही पत्रांत तीच अट, सत्र संपले की नेमणूक संपली. पुतण्या म्हणाला, "काका, एकाच शाळेची चार पत्रे कशाला?" त्याला सांगितले तेच इथे लिहितो.

त्या काळी खासगी अनुदानित शाळांत नवख्या शिक्षकाला पुष्कळदा जून ते एप्रिल एवढेच घेत. सुट्टीचा पगार वाचे. मुलांचे वर्ष बारा महिन्यांचे, आमचे साडेदहा! मे महिन्यात मी मामांच्या दुकानात खतावणी लिहायचो. त्याचे वाईटही वाटत नसे, वयच तसे होते.

माध्यमिक शिक्षकांना पेन्शन मिळाली ती १९६८ च्या शासन निर्णयाने, १ एप्रिल १९६६ पासून. पण सेवेत खंड पडला की खंडाआधीची नोकरी पेन्शनला धरत नाहीत, हे आम्हा पोरांना कोण सांगणार? आम्हाला वाटे, दीड महिना गेला. जात होते ते मागचे अख्खे वर्ष.

पुढे खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आला, १९८१ पासून अमलात. कायम जागा असेल तर दोन वर्षांच्या परिवीक्षेवर नेमा, असे त्यात होते. मी त्याआधीच, जून १९७७ मध्ये कायम झालो होतो. नशीब.

मे २००८ अखेर निवृत्त झालो. शिकवले ३५ वर्षे, कागदावर ३१. तेव्हा पूर्ण पेन्शनला ३३ वर्षे लागत आणि हिशेब सहामाहीने होई. म्हणजे ६६ पैकी माझ्या ६२ सहामाह्या. शंभर रुपयांची पेन्शन धरली तर हातात चौऱ्याण्णव, तेही जन्मभर. १९८२ च्या पेन्शन नियमांत खंड क्षमापित करण्याची सोय आहे. अर्ज केला. जुनी हजेरीपत्रके मागितली, ती शाळेत ओलीने केव्हाच गेली होती. माझ्याबरोबरच्या एका बाईंनी स्वतःच्या पगाराच्या पावत्या जपल्या होत्या, त्यांचे काम झाले. (गणिताच्या होत्या, मी मराठीचा!)

आणि २००९ मध्ये ती ३३ वर्षांची अटच गेली, २० वर्षांवर पूर्ण पेन्शन झाली. मी घरी बसून वर्ष झाले होते.

सौ. म्हणाली, रद्दीत घाला ती पत्रे. घातली नाहीत. पुतण्या फोटो काढून घेऊन गेलाय.