चौसष्ट किलोबाइटचं राज्य

जपानीतही गेमच्या कार्ट्रिजला ‘कासेत्तो’च म्हणतात, हे कळलं तेव्हा मला फार आपलं वाटलं. नव्वदीत पुण्यात टीव्हीला जोडायचा जो व्हिडिओगेम मिळायचा, तो मुळात निन्तेन्दोच्या फॅमिकॉमची नक्कल. कॅसेट चालली नाही की बाहेर काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. त्या कॅसेटींत मारिओ होता, कॉन्ट्रा होता. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा अनेक भागांचा जपानी खेळ काही कधी दिसला नाही. तो भेटला पुढे नोकरीसाठी ओसाकाला गेल्यावर, देनदेन टाउनमधल्या जुन्या सामानाच्या दुकानात, प्लास्टिकच्या टोपलीत. जपानी वाचनाचा सराव होईल म्हणून घेतला.

सराव फारच सोपा निघाला. २७ मे १९८६ ला एनिक्सने काढलेला हा पहिला भाग अख्खा ६४ किलोबाइटचा. आज फोनवर काढलेला एक फोटो याच्या पन्नासपट सहज भरतो. एवढ्या जागेत खेळाची रचना करणाऱ्या युजी होरी यांना एक राज्य, गावं, गुहा, राक्षस आणि सगळे संवाद बसवायचे होते. जागा वाचवायला त्यांनी कताकाना या जपानी लिपीची फक्त २० अक्षरं ठेवली आणि राक्षसांची, मंत्रांची, गावांची नावं तेवढ्यातच जुळवली. मी वर्गात घाम गाळून सगळी पाठ केली होती!

नायकाचं तोंड कायम आपल्याकडे. चारही दिशांची चित्रं ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो खेकड्यासारखा आडवा सरकतो आणि कुणाशी बोलायचं तर आधी दिशा निवडावी लागते. जिना उतरायलासुद्धा वेगळी आज्ञा. पण सुरुवात बघा. राजाच्या दालनात तुम्ही कोंडलेले. तीन पेट्या, त्यांत १२० नाणी, एक मशाल, एक किल्ली. किल्ली घ्या, दार उघडा, जिना उतरा. खेळ कसा खेळायचा हे त्या एका खोलीत शिकून झालं. बाहेर पडलात की पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला समोरच दिसतो. दिसतो, पण तिथे जाता येत नाही. पुढचे सगळे तास तेवढं पाणी ओलांडण्यात जातात.

किती तास? मला अकरा रात्री लागल्या. त्यातल्या निम्म्या तरी त्याच त्या राक्षसांना मारून नायकाची पातळी वाढवण्यात गेल्या. म्हणजे गोष्ट मूठभर, बाकी मजुरी. भागांची तुलना करताना लोक ‘अमका वीस तासांचा, तमका शंभर’ असा हिशेब मांडतात, तो मला म्हणूनच पटत नाही. ते तास कशाने भरलेत, हे त्यातून कळत नाही.

खेळ जपून ठेवायला ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ होता: २० अक्षरं, पाच-सात-पाच आणि वर तीन. हायकूच्या मापाला शेपूट जोडल्यासारखी. मी ती शंभर पानी वहीत उतरवायचो. हिरागाना या दुसऱ्या जपानी लिपीतले ‘नु’ आणि ‘मे’ म्हणजे जुळी भावंडं. एका रात्री मी एकाच्या जागी दुसरं लिहिलं आणि तीन तासांची कमाई गेली.

दुसरा भाग आठच महिन्यांनी, जानेवारी १९८७ मध्ये आला. जागा दुप्पट, माणसं एकाची तीन, मंत्र वाढत वाढत ५२ अक्षरांपर्यंत. शेवटाकडची रोंदारुकियाची गुहा मात्र मला आजही डिझाइन वाटत नाही, सूड वाटतो.

तिसरा आला १० फेब्रुवारी १९८८ ला. बुधवार होता. मुलं शाळा बुडवून रांगेत उभी राहिली. पुढे सरकारने सुट्टीच्याच दिवशी खेळ विकायचा कायदा केला, ही गोष्ट ओसाकात मला दोघातिघांनी सांगितली. असा कायदा कधी झालेला नाही. खरी गोष्ट जास्त गमतीची आहे. आता २५६ किलोबाइट होते, तरीही पुरले नाहीत. म्हणून शीर्षकाचा पडदाच कापला. सुरू केलं की काळ्या पडद्यावर नुसतं नाव, ना चित्र ना संगीत. लोक रांगा लावून ज्याची वाट पाहत होते, त्याचा दरवाजा असा ओकाबोका. वाचलेली जागा आतल्या जगाला दिली. हा भाग आधीच्यांपेक्षा लांब आहे, पण ती लांबी मजुरीची नाही. साथीदार कोण घ्यायचे, कुणाला कोणतं काम द्यायचं, हे तुम्हीच ठरवता. आणि आता संपलं असं वाटत असतानाच पायाखाली आणखी एक जग उघडतं. कोणतं, ते पहिला भाग खेळलेल्याला नकाशा बघताच कळतं. माझ्या हातातला कंट्रोलर त्या क्षणी खाली पडला होता.

चौथा, पाचवा, सहावा मी भराभर उरकले. त्यातला पाचवा, १९९२ चा, एका माणसाचं बालपण, लग्न आणि मुलं दाखवतो. त्यासाठी तरी खेळावा.

मग सातवा. २६ ऑगस्ट २०००, प्लेस्टेशन, दोन सीडी. जागेची चणचण संपली. सुरुवातीला जगात एकच बेट असतं. दगडी तुकडे जोडत एकेक हरवलेलं बेट परत आणायचं. कल्पना सुरेख, काही बेटांच्या गोष्टी अजून डोक्यातून जात नाहीत. पण पहिली लढाई व्हायला माझे तीन तास गेले, आणि पुरता खेळ शंभरच्या पुढे. एखादा तुकडा नजरेतून सुटला की सगळी बेटं पुन्हा पालथी घालायची. पहिल्या भागात जी मजुरी लढाईत होती, ती इथे शोधण्यात आली. २०१३ मध्ये निन्तेन्दोच्या थ्रीडीएसवर हाच खेळ नव्याने काढला, तेव्हा कात्री सर्वांत आधी सुरुवातीलाच लागली.

माझ्यापुरता निकाल तिसऱ्याच्या बाजूने आहे. त्या भागापासून मंत्र गेले आणि कॅसेटमध्ये बॅटरी आली. माझ्या कॅसेटमधली ती कधीच संपली, आणि जपून ठेवलेला खेळही तिच्याबरोबर गेला. पहिल्या भागाचा वहीतला मंत्र परवा घालून पाहिला. चालला.