लोकसत्तेआधीं व्यवस्था : एका सिद्धान्ताची परीक्षा

दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया व आफ्रिका या खंडांतील जे अनेक देश स्वतंत्र झाले, त्यांच्या राजकीय स्थित्यंतराची मीमांसा करण्याचें काम मुख्यतः अमेरिकन विद्यापीठांतील पंडितांनीं अंगावर घेतलें. प्रारंभीं त्यांचा सूर आशेचा होता. सेमूर मार्टिन लिप्सेट यांनीं १९५९ सालच्या आपल्या निबंधांत संपत्ति, शिक्षण व नागरीकरण यांच्या वाढीशीं लोकशाहीचें स्थैर्य निगडित असल्याचें प्रतिपादन केलें. आणि हे देश सधन झाले म्हणजे लोकशाही मागोमाग येईलच, अशी सोयीची समजूत पुष्कळांनीं त्यावरून करून घेतली. पुढें एकामागून एक राजधानी लष्कराच्या ताब्यांत जाऊं लागली, तेव्हां ही समजूत डळमळली.

सॅम्युएल हंटिंग्टन यांचा १९६८ सालचा ग्रंथ या निराशेच्या काळांतला. शिक्षणानें व शहरवासानें लोकांच्या आकांक्षा जागृत होतात, ते राज्यकारभारांत वांटा मागूं लागतात. परंतु ही मागणी पेलणारे पक्ष व संस्था तितक्या त्वरेनें वाढत नाहींत, आणि या दोहोंमधील अंतरांत सेनापति शिरतो, असें त्यांचें म्हणणें. यास्तव राज्यपद्धति कोणती, यापेक्षां राज्य चालतें कीं नाहीं, हा प्रश्न त्यांना आधींचा वाटला. हंटिंग्टन यांना हुकूमशाहीचे भाट म्हणणारांनीं एवढें विसरूं नये कीं, दरिद्री भारतास त्यांनीं काँग्रेस व सनदी नोकरवर्ग यांच्या बळावर राजकीयदृष्ट्या प्रगत ठरविलें होतें.

असा हा चतुर चिकित्सक ठेचाळला, तो आपल्या शेजारीं. पाकिस्तानचे अयूबखान यांच्यांत त्यांना ग्रीकांच्या सोलन-लायकर्गसांसारखा स्मृतिकार दिसला! अयूब १९५८ च्या ऑक्टोबरांत सत्ताधीश झाले. त्यांच्या ‘मूलभूत लोकशाही’च्या योजनेंत जनतेनें ८०,००० प्रतिनिधि निवडावयाचे व त्यांनीं अध्यक्ष निवडावयाचा, अशी रचना होती. कागदावर ती सुबक होती खरी. परंतु १९६५ च्या निवडणुकींत फातिमा जिना कराची व ढाका येथें पुढें राहूनही अयूबच विजयी झाले, आणि शहरांतील सुशिक्षितांस या रचनेचा खरा उपयोग कळून चुकला. देशाच्या उद्योगधंद्यांपैकीं दोन-तृतीयांश बावीस घराण्यांच्या हातीं असल्याचें १९६८ सालीं जाहीरपणें सांगितलें, तें कोणा विरोधकानें नव्हे. सरकारच्याच नियोजन मंडळाचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांनीं. त्या वर्षीं सरकार ‘विकासाच्या दशका’चा उत्सव करीत होतें. नोव्हेंबरांत रावळपिंडीचे विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि वणवा दोन्ही पाकिस्तानांत पसरला.

हंटिंग्टन यांनीं संस्थेच्या बळकटीच्या ज्या चार कसोट्या सांगितल्या, त्यांपैकीं एक स्वायत्ततेची आहे. प्रस्तुत लेखकाच्या मतें अयूबची रचना याच कसोटीस उतरत नव्हती. ती निर्मात्याच्या अंगरख्यासारखी त्याच्याच मापाची होती. हें ग्रंथकारानें स्वतःचीच फूटपट्टी लावून पाहावयास हवें होतें.

१९६२ च्या घटनेप्रमाणें अध्यक्षपद रिकामें झाल्यास तें राष्ट्रीय सभेच्या सभापतीकडे जावयाचें. सभापति अब्दुल जब्बार खान हे पूर्व बंगालचे. २५ मार्च १९६९ रोजीं अयूबनीं पद सोडलें, तेव्हां आपलीच घटना बाजूस सारून त्यांनीं सत्ता सेनापति याह्याखान यांच्या स्वाधीन केली. १६ डिसेंबर १९७१ रोजीं ढाक्यास पाकिस्तानी सैन्यानें शरणागति पत्करली, त्या वेळीं अध्यक्षपदावर याह्याखानच होते.