बोरघाट : खडकाचा हिशेब आणि मजुरीचा हिशेब

१/ कर्जतला आजही गाड्यांना बँकर इंजिने जोडली जातात, ती समोरचा बोरघाट चढण्यासाठी. हा मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला : लांबी सुमारे २५ किलोमीटर, चढ ५५८ मीटर, बोगदे २५. त्याच्या अभियांत्रिकीची कथा आपण ऐकतोच. आज त्याच्या हिशेबवह्यांकडे पाहू.

२/ कोणत्याही मोठ्या उद्योगाचे तीन थर असतात. वर व्यवहार, मध्ये निर्णयासाठी लागणारी माहिती आणि तळाशी नोंदी : हजेरी, मोजमाप, पावती. वरचा थर जे विचारतो, तेच मधला थर तळातून उचलतो.

३/ व्यवहार : १८४९ च्या करारानुसार जीआयपी रेल्वेच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. नफा कमी पडल्यास भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणूनच सरकारचे सल्लागार अभियंते कंपनीचा खर्च तपासत.

४/ माहिती : १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीला पोहोचली, १८५८ मध्ये खंडाळा–पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट प्रवासी पालखीतून वा तट्टावरून ओलांडत. साहजिकच वरून विचारणा होई ती दोनच गोष्टींची : काम किती झाले, खर्च किती झाला?

५/ नोंदी : फोडलेल्या खडकाचे मोजमाप कंपनीचे अभियंते घेत. मजुरीचा हिशेब मात्र कंत्राटदार, उपकंत्राटदार आणि मुकादम यांच्या साखळीत राही. खडक वरपर्यंत पोहोचे. थकलेली मजुरी वाटेतच अडे.

६/ जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल उसळली. त्याच वर्षी कंत्राटदार फॅव्हिएल यांनी काम सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येताच वारले; कंत्राट त्यांची पत्नी ॲलिस यांनी पुढे चालविले. १८६१ मध्ये मजुरांची संख्या ४२,००० वर गेली.

७/ १८६० मध्ये सार्वजनिक बांधकामांवरील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्यांपुढे झटपट सोडविण्याचा कायदा झाला. मजुरीची थकबाकी आता सरकारदरबारी नोंदवता येऊ लागली. पण त्याच कायद्याने काम सोडणारा मजूर गुन्हेगारही ठरू लागला.

८/ तेव्हा अभिलेखागारात एखादा अहवाल हाती आला, तर त्यातील आकडे वाचण्यापूर्वी एक प्रश्न विचारा : हे कोणी मोजायला सांगितले होते? बोरघाटात खडकाची नोंद आधी झाली, माणसांची दंगलीनंतर.