चहाच्या बदल्यात शाल

जाळीच्या विणीचा स्कार्फ विणायचा म्हटलं, की नव्यानं सुया हातात धरणाऱ्याला उगाचच धास्ती वाटते. युक्ती खरं तर साधी आहे. सुईवर लोकरीचा एक जादा वेढा घ्यायचा, तिथे भोक पडतं. पण भोकाबरोबर एक टाका वाढतो. म्हणून कुठेतरी दोन टाके एकत्र विणून तो कमी करायचा. सगळी जाळी या जमाखर्चावर उभी असते.

या विणीचं एक माहेरघर म्हणजे स्कॉटलंडच्याही उत्तरेला समुद्रात विखुरलेली शेटलंड बेटं. तिथली 'ओल्ड शेल' नावाची वीण आजही जगभर विणली जाते. शेल म्हणजे शिंपला. अठरा टाक्यांचा एक गट धरायचा. तीनदा दोन-दोन टाके एकत्र, मग सहा वेळा एक वेढा आणि एक सुलट टाका, पुन्हा तीनदा दोन-दोन एकत्र. सहा गेले, सहा आले, अठराचे अठरा कायम! चार ओळींत हा खटाटोप एकदाच, बाकी तीन ओळी साध्या. टाके घटतात एकीकडे आणि वाढतात दुसरीकडे, त्यामुळे कापडाला आपोआप लाटांचा आकार येतो. समुद्रकाठच्या बायकांना तो रोज दिसतच होता.

पुरुष मासेमारीला किंवा देवमाशांच्या शिकारीला गेलेले. शेत, जनावरं आणि मुलं बायकांवर. कमरेला घोड्याचे केस भरलेला कातडी पट्टा असे, त्याला भोकं. एका सुईचं टोक त्यात खोवलं की हात मोकळा राहायचा. पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता त्या विणत असत. अर्थात, ते चालतं-फिरतं विणकाम जाडसर लोकरीचं. तलम जाळी घरी बसूनच विणायची. तिच्यासाठी मेंढीच्या मानेजवळची सर्वांत मऊ लोकर हातानं उपटून घेत आणि केसासारखा बारीक धागा कातत. अन्स्ट या उत्तरेकडच्या बेटावरच्या शाली इतक्या तलम, की लग्नाच्या अंगठीतून आरपार निघत.

या कामाला बाहेरची गिऱ्हाइकं मिळवून देण्यात आर्थर अँडरसन या गृहस्थांचा मोठा वाटा. जन्म लर्विकजवळचा, १७९२ सालचा. १८३७ मध्ये त्यांनी नव्यानं गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीला शेटलंडचे तलम मोजे भेट दिले आणि फॅशनची चाके फिरली. हेच अँडरसन 'पी. अँड ओ.' या आगबोट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. मुंबईकरांना ते नाव अपरिचित नाही. गांधीजी १८८८ मध्ये मुंबईहून विलायतेला गेले ते याच कंपनीच्या बोटीनं. लंडनच्या १८५१ च्या भव्य प्रदर्शनातही शेटलंडच्या शाली झळकल्या.

आता शाल विणणारीच्या हातात काय पडलं, ते पाहू. तिथे 'ट्रक' नावाची पद्धत होती. आपल्या रस्त्यावरच्या ट्रकशी तिचा संबंध नाही, हा शब्द अदलाबदलीवरून आला. व्यापारी शाल घ्यायचा आणि मोबदल्यात पैसे नव्हे, तर दुकानातला माल द्यायचा: चहा, कापड, रिबिनी. काही दुकानदार एक चिठ्ठी देत, ती त्याच दुकानात चालायची. रोख मागितली तर नकार, नाहीतर भाव पाडून.

सरकारनं चौकशी नेमली. विल्यम गथ्री यांनी जानेवारी १८७२ मध्ये बेटांवर साक्षी घेतल्या, आणि त्या छापल्या गेल्या. बायका, व्यापारी, धर्मगुरू, सगळ्यांची प्रश्नोत्तरं त्यात आहेत. मला विचाराल तर त्या विणकामाच्या इतिहासातलं हेच सर्वांत मोलाचं पुस्तक. त्यातून कळतं, की अशा दुकानात विणकामाच्या बदल्यात पीठ सहसा मिळत नसे. म्हणून बाई चहा घ्यायची आणि खेड्यात शेतकऱ्याच्या दारी जाऊन तो देऊन पीठ किंवा बटाटे आणायची. अंगावर चांगलं कापड आणि घरात दाणा नाही, असं विचित्र चित्र. जिला शेत नाही आणि मिळवता पुरुषही नाही, अशा एकटीची सर्वांत ओढाताण. व्यापाऱ्यांचंही म्हणणं नोंदलेलं आहे: शालीत आम्हाला नफा नाही, तो मालावर. त्यांचं म्हणणं खोटं धरलं नाही, तरी एकूण अर्थ एवढाच, की बाईला तिच्याच श्रमाची किंमत चढ्या भावाच्या चहातून फेडून घ्यावी लागत होती.

१८८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. घरी बसून विणलेल्या, पाच पौंडांपेक्षा कमी किमतीच्या लोकरी वस्तूंनाही तो लागू झाला. विणणारी बाई नोकर आणि तो माल घेणारा दुकानदार मालक, असं मानलं गेलं, म्हणजे मोबदला रोख द्यायचा. पण दुकानदारानं रोख दिली नाही तर तक्रार करणार कोण? पुढची शाल घेऊन तिला पुन्हा त्याच दुकानात जायचं असे. अदलाबदल त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिली.