इलॅस्टेज : एका एंझाइमाचा व त्याच्या नावाचा इतिहास

पदार्थाला नाव देणे म्हणजे त्याच्याविषयी एक विधान करणे होय. हे विधान कधी मोघम असते, तर कधी इतके निश्चित असते की पुढील संशोधनाला त्याची सत्यासत्यता तपासून पाहावी लागते. एंझाइमांची नावे बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतात. स्वादुपिंडातील 'इलॅस्टेज' या एंझाइमाचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

१८३३ साली पायाँ व पर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी अंकुरित जवापासून स्टार्चचे विघटन करणारे द्रव्य वेगळे केले व त्यास 'डायास्टेज' असे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'विलग करणे' असा आहे. त्यातील शेवटचा 'एज' हा अंश वस्तुतः प्रत्यय नव्हता. परंतु द्युक्लो याने १८८३ मध्ये एंझाइमांची नावे याच धर्तीवर बनवावीत असे सुचविले आणि शब्दाचा एक तुटलेला तुकडा प्रत्ययपदास पोहोचला. 'पेप्सिन' (१८३६) व 'ट्रिप्सिन' (१८७६) ही जुनी नावे या नियमाबाहेर राहिली. एंझाइम कोणत्या पदार्थावर कार्य करते, हे त्यांवरून कळत नाही. नव्या पद्धतीत मात्र भक्ष्याचे नाव आधी आणि प्रत्यय मागून, असा क्रम रूढ झाला. त्यामुळे 'हे एंझाइम अमुक पदार्थाचे विघटन करते' हे विधान नावातच गोवले गेले.

रोहिण्यांच्या भित्तिका, फुप्फुसे, अस्थिबंध इत्यादी ऊतकांना ताणले असता पूर्ववत होण्याची जी शक्ती असते, ती 'इलॅस्टिन' या प्रथिनाच्या तंतूंमुळे. हे तंतू पाण्यात विरघळत नाहीत व सौम्य अम्ल किंवा अल्कली यांनाही दाद देत नाहीत. स्वादुपिंडाच्या अर्काने ते विरघळतात, पण याचे श्रेय पूर्वी ट्रिप्सिनला दिले जात असे. १९४९ मध्ये बुडापेस्ट येथील विकृतिशास्त्रज्ञ योझेफ बालो व जीवरसायनज्ञ इलोना बांगा या दांपत्याने या समजुतीस छेद दिला. बालो यांचे लक्ष रोहिणीकाठिन्याच्या विकाराकडे होते. रोहिणीच्या भित्तिकेतील लवचिक तंतू नष्ट कशाने होतात, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. बांगा या सेगेद येथे सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या होत्या. स्नायूंतून 'मायोसिन ब' वेगळे करण्याच्या तेथील कार्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्या कार्यातूनच पुढे १९४२ साली स्ट्राउब यांना अ‍ॅक्टिन सापडले. विकृतिशास्त्राचा प्रश्न व प्रथिने शुद्ध करण्याचे कौशल्य यांचा असा योग जुळून आला. १९५२ मध्ये बांगा यांनी गुरांच्या स्वादुपिंडापासून हे एंझाइम स्फटिकरूपात मिळविले.

तथापि स्फटिक हाती आल्याने वाद मिटला नाही. हे एंझाइम केसीन, फायब्रिन इत्यादी प्रथिनांचेही विघटन करी. मग त्याला इलॅस्टिनचे नाव का द्यावे, अशी शंका येणे स्वाभाविक होते. दुसऱ्या बाजूने, तंतूंना सांधणारे श्लेष्मल द्रव्य विरघळविणारा एक निराळा घटकही अर्कात असावा, असे मत पुढे आले. १९५६ मध्ये स्वतः बांगा व बालो यांनी 'इलॅस्टोम्युकोप्रोटिनेज' असे लांबलचक नाव त्यासाठी योजिले. ते टिकले नाही.

या वादाचा निर्णय लागला तो भक्ष्याच्या नव्हे, तर एंझाइमाच्याच रचनेच्या अभ्यासाने. १९५९ मध्ये हार्टली, नॉटन व सँगर यांनी केंब्रिज येथे असे दाखविले की, या एंझाइमातील क्रियाशील सेरीनच्या लगतचा ॲमिनो अम्लांचा क्रम ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन यांच्याशी जुळतो. १९६१ मध्ये नॉटन व सँगर यांनी त्याची निवडही तपासली. ट्रिप्सिन लायसीन व आर्जिनीन यांच्यापुढील बंध तोडते, कायमोट्रिप्सिन मोठ्या वलययुक्त ॲमिनो अम्लांपुढील, तर इलॅस्टेज मुख्यतः ॲलॅनीनसारख्या लहान व विद्युत्‌भाररहित अम्लांपुढील बंध तोडते. १९७० मध्ये शॉटन व हार्टली यांनी डुकराच्या इलॅस्टेजमधील २४० ॲमिनो अम्लांचा संपूर्ण क्रम दिला. त्याच वर्षी शॉटन व वॉटसन यांनी त्याची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. कायमोट्रिप्सिनमध्ये २१६ व २२६ या स्थानी ग्लायसीन असते व तेथे एक प्रशस्त पोकळी राहते. इलॅस्टेजमध्ये त्या जागी व्हॅलीन व थ्रिओनीन येऊन पोकळीचे तोंड बुजवितात. म्हणून लहान अम्लेच तेवढी सामावतात. इलॅस्टिनमध्ये ग्लायसीन, ॲलॅनीन व व्हॅलीन यांचीच विपुलता असल्याने तो एंझाइमाला सुलभ ठरतो. सारांश, एंझाइमाची खरी निवड लहान ॲमिनो अम्लांची आहे. इलॅस्टिनचे विघटन हे तिचे फळ होय.

यानंतर नावाची व्याप्ती वाढली. १९६८ मध्ये जॅनॉफ व शेरर यांनी मानवी श्वेतपेशींच्या कणिकांत इलॅस्टिन विरघळविणारे एंझाइम दाखविले. तेही 'इलॅस्टेज' म्हणूनच ओळखले जाते, पण ते स्वादुपिंडातील एंझाइमाहून भिन्न प्रथिन आहे. १९६३ मध्ये लॉरेल व एरिक्सन यांनी वर्णिलेली रक्तातील आल्फा-१-अँटिट्रिप्सिनची उणीव व तरुण वयातील वातस्फीती यांचा संबंध याच श्वेतपेशीय एंझाइमाने उलगडला. येथेही गंमत अशी की, 'अँटिट्रिप्सिन' या प्रथिनाचे प्रमुख कार्य ट्रिप्सिनला नव्हे, तर इलॅस्टेजला आवर घालणे हे आहे. रोहिणीकाठिन्याचे मूळ स्वादुपिंडातील एंझाइमाच्या न्यूनतेत असावे, ही बालो व बांगा यांची कल्पना मात्र टिकली नाही.

सर्वांत विलक्षण गोष्ट मनुष्याविषयीची आहे. डुकरात विपुल असलेल्या 'इलॅस्टेज-१' या एंझाइमाचे जनुक मनुष्यातही आहे, पण मानवी स्वादुपिंडात ते मूक असते. त्याची अभिव्यक्ती त्वचेत आढळली आहे. स्वादुपिंडाची कार्यक्षमता अजमावण्यासाठी मलातील 'इलॅस्टेज-१' मोजतात, व ते दर ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमहून कमी भरल्यास पाचकरसाची न्यूनता संभवते. परंतु या चाचणीत प्रत्यक्ष मोजले जाते ते 'इलॅस्टेज-३' गटाचे एंझाइम, आणि त्याचे इलॅस्टिनवरील कार्य अत्यल्प असते. चाचणी उपयुक्त आहे, पण तिच्या नावातील अंक चुकीचा आहे व उरलेले नावही जेमतेमच खरे आहे. या गोंधळामुळेच जनुकांच्या नव्या नामावलीत 'कायमोट्रिप्सिनसदृश इलॅस्टेज' असे विशेषण जोडावे लागले.

यावरून बालो व बांगा यांनी चुकीचे नाव दिले असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. १९४९ मध्ये त्यांच्यापुढे होते ते विरघळणारे तंतू, व नाव त्या निरीक्षणाशी प्रामाणिक होते. परंतु निरीक्षणाचे नाव पुढे वर्गाचे नाव झाले, वर्ग विस्तारला आणि मूळ विधान त्याच्या काही सदस्यांना लागू पडेनासे झाले. परिभाषा घडविणाऱ्यांनी, विशेषतः परभाषेतील संज्ञांचे अर्थानुवाद करणाऱ्यांनी, हे ध्यानी ठेवणे आवश्यक आहे. 'इलॅस्टेज'चे भाषांतर 'लवचिक तंतूंचे विघटक' असे केल्यास मूळ संज्ञेतील झाकले गेलेले विधान मराठीत पुन्हा उघड होईल आणि मानवी स्वादुपिंडापुरते ते बव्हंशी असत्य ठरेल. अशा ठिकाणी संज्ञा आहे तशी स्वीकारणे व तिचा इतिहास सोबत देणे, हाच मार्ग अधिक निर्दोष होय.