घटिकापात्र आणि मनगटी घड्याळ

पुण्याच्या जुन्या वाड्यांत लग्नाचा मुहूर्त साधावयाचा असला म्हणजे जोशीबुवा पाण्यानें भरलेल्या घंगाळांत तांब्याचें एक लहानसें पात्र सोडीत. त्याच्या बुडाशीं बारीक छिद्र असे. त्यांतून पाणी हळूहळू आंत शिरे आणि 24 मिनिटांनीं पात्र भरून तळाशीं जाई. ही एक घटिका; अशा 60 घटिका म्हणजे एक दिवस व एक रात्र. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्या पात्राचीच देणगी होय. या घड्याळाचें सारें जीवित पाण्यावर अवलंबून होतें. त्याच्या जागीं जें घड्याळ पुढें आलें त्याचा मात्र पाणी हाच वैरी ठरला.

1858 सालीं खंडाळ्याहून पुण्यास आगगाडी येऊं लागली. 1863 सालीं बोरघाटाचा चढ पुरा होऊन मुंबईशीं अखंड लोहमार्ग जोडला गेला. गाडी मुहूर्तासाठीं खोळंबत नाहीं, ती मिनिटावर सुटते. घटकेच्या हिशेबानें चालणाऱ्या शहराला मिनिटाची ओळख पटूं लागली, ती अशी. स्वित्झर्लंडच्या घड्याळ्यांनींहि ही संधि ओळखली. फेवर ल्यूबा या जुन्या पेढीनें 1865 सालीं मुंबईंत पाय रोवला. 1886 सालीं वेस्ट एंड वॉच कंपनी तेथेंच उदयास आली. त्या काळचें घड्याळ साखळीला अडकवून खिशांत ठेवीत. तेथें पाऊस, धूळ व घाम यांपासून तें पुष्कळच सुरक्षित असे.

1914 सालच्या महायुद्धानें ही सुरक्षितता संपविली. खंदकांतल्या शिपायाला खिशांत हात घालावयास सवड नव्हती. तोंवर बायकांचा दागिना समजलें जाणारें मनगटी घड्याळ पुरुषांच्या हातीं आलें. मनगट ही घड्याळाला फार वाईट जागा. घाम तेथें, धक्का तेथें, हात धुतांना पाणी तेथेंच. हिंदुस्थानांतल्या इंग्रज अंमलदारांची घड्याळें पोलोच्या मैदानावर फुटत. त्यांच्यासाठीं 1931 सालीं ‘रिव्हर्सो’ नांवाचें घड्याळ निघालें, त्याची तबकडी फिरवून आंत दडवितां येई व पोलादी पाठ वर राही. कांच वांचली, पाण्याचा प्रश्न निराळा होता.

घड्याळांत पाणी शिरावयास मुख्यतः तीन वाटा असतात: कांचेची कड, मागचें झांकण आणि चावीची दांडी. पहिल्या दोन वाटा घट्ट बसविलेली कांच व आट्यांचें झांकण यांनीं बुजवितां येतात. चावी मात्र फिरलीच पाहिजे, म्हणून तिची वाट सर्वांत अवघड. 1926 सालीं रोलेक्स कंपनीनें चावीलाहि आटे पाडून ती पेटीवर घट्ट बसविली आणि त्या घड्याळाला ‘ऑइस्टर’, म्हणजे कालव, असें नांव दिलें. 1927 सालच्या ऑक्टोबरांत मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्रज जलतरणपटु तें गळ्यांत बांधून इंग्लिश खाडींत उतरली. दहा तासांहून अधिक काळ ती थंडगार पाण्यांत होती. शेवटीं तिला बाहेर काढावें लागलें. घड्याळ मात्र चालूच होतें.

पुण्याला पाण्याचें भयंकर रूप दिसलें तें 12 जुलै 1961 रोजीं. पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंहि फुटलें आणि नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं बंगळूरास हिंदुस्थान मशीन टूल्सचा घड्याळांचा कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें सुरू झाला. त्याचें चावीचें ‘जनता’ घड्याळ मध्यमवर्गीय घरांत मानानें वावरलें. मुलगा मॅट्रिक झाला, जांवयाला कांहीं द्यावयाचें ठरलें, कीं घड्याळ येई, आणि तें जन्मभर पुरावें अशी अपेक्षा असे. अशा घड्याळाच्या कांचेआड वाफ दिसली म्हणजे सासऱ्याची आठवणच गंजूं लागल्यासारखें वाटे. 2016 सालीं सरकारनें हा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय केला. अनेक घरांतलीं तीं घड्याळें मात्र त्यानंतरहि चालत राहिलीं.

महापुरापासून घड्याळ वांचविण्याची चिंता कोणी करीत नाहीं. तेथें जीव वांचला म्हणजे पुष्कळ झालें. घड्याळाची खरी परीक्षा पावसाळ्यांतल्या सायकलवर, नळाखालीं व न्हाणीघरांत होते. येथेंच गिऱ्हाईक आंकड्यांनीं फसतें. तबकडीवर ‘30 मीटर’ लिहिलेलें असलें म्हणजे तें घेऊन तीस मीटर खोल बुडी मारतां येईल असें नव्हे. स्थिर पाण्याच्या तेवढ्या दाबाची ती कसोटी. पोहणाऱ्या हाताचे फटके आणि कढत पाणी यांचा तींत हिशेब नाहीं. तीस मीटरचें घड्याळ पावसाच्या शिंतोड्यांपुरतें. रोज वापरून वेळप्रसंगीं पोहावयाचें असेल तर शंभराचें घ्यावें. आट्यांचें झांकण, पोलादी पेटी, आणि रोज फिरवावी लागणार नाहीं अशी चावी हीं टिकाऊपणाचीं लक्षणें होत. परंतु सांध्यांतलीं रबरी कडीं कालांतरानें कडक होऊन चिरतात. म्हणून सेल बदलतांना तीं तपासून घ्यावींत, आणि चावी ओढलेली ठेवून हात कधींहि धुऊं नये.

घटिकापात्राच्या कारागिराची सारी कसोटी एक छिद्र अचूक पाडण्यांत होती. आजच्या कारागिराची एकहि छिद्र न ठेवण्यांत आहे. पात्रावर जोशीबुवांची नजर असे, म्हणून मुहूर्त चुकत नसे. मनगटावरच्या घड्याळाकडेहि वर्षा-दोन वर्षांनीं तितक्याच काळजीनें पाहिलें, तर त्याचीहि घटका लवकर भरणार नाहीं.