जुन्नरच्या खानाने अडवलेला घोडा

१४७० च्या आसपासची गोष्ट. अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. सोबत विकायला एक घोडा होता. तो इथवर आणताना शंभर रूबल खर्च झाले होते. पावसाळा लागला, वाटा चिखलात गेल्या आणि निकितिन दोन महिने जुन्नरात अडकला.

तिथल्या बहमनी सरदाराने, असद खानाने, घोडा काढून घेतला. हा माणूस मुसलमान नाही हे कळल्यावर त्याने अट घातली: धर्म बदल, मग घोडा परत आणि वर हजार मोहरा. नाहीतर घोडाही गेला आणि हजार मोहरा तुझ्याचकडून वसूल. मुदत चार दिवस. ऐन वेळी महंमद नावाचा एक खुरासानी खोजा मध्ये पडला, म्हणून घोडाही वाचला आणि धर्मही.

दाराशी हत्ती झुलणारा सरदार एका घोड्यासाठी एवढा का अडून बसावा? उत्तर निकितिननेच लिहून ठेवलंय: या देशात घोडे पैदा होत नाहीत, त्यांना खायला हरभरे आणि खिचडी घालतात. आपल्याकडे तट्टं होती, पण चिलखती स्वाराला पेलणारं जनावर अरबस्तान-इराणातून जहाजाने यायचं. तुर्कांपासून मुसलमानी फौजांचं खरं बळ घोडदळात होतं, त्यामुळे दख्खनच्या सुलतानांना हा माल सतत लागायचा. चौलहून वर येणाऱ्या वाटा नाणेघाटासारख्या घाटांतून जुन्नरला मिळतात. हे गाव ज्याच्या हातात, त्याला घोडे आधी दिसणार. मलिक अहमदने निजामशाहीचा डाव इथूनच मांडला आणि १४९० मध्ये बहमनी फौज मोडून तो स्वतंत्र झाला, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

घोडा इतका महाग, तर तो कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न आलाच. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजीरोटीच मेली. असा माणूस घोडा जपूनच लढणार! बारगिराला ती धास्ती नव्हती, पण लगाम सरकारच्या हातात.

पुढे याच जुन्नरला काही काळ निजामशाहीची राजधानी करणारा मलिक अंबर स्वतः गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. गुलामांना शिकवून सेनापती करायची ही जुनी इस्लामी रीत इजिप्तपासून दिल्लीपर्यंत चालत आलेली. मुघलांकडे तोफा, हत्ती, अवजड घोडे आणि मागे चालणारा अख्खा बाजार. समोरासमोर त्यांना हरवणं अवघड, म्हणून अंबरने ती लढाईच टाळली. हलक्या घोड्यांवरचे मराठे स्वार रसद तोडायचे, छावणीला उपाशी ठेवायचे, पाठलाग झाला की डोंगरात पसार. १६२४ मध्ये भातवडीला त्याने तलाव फोडून शत्रूच्या वाटा चिखलात घातल्या आणि मग मुघल-आदिलशाही फौजेवर तुटून पडला. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. जहांगीर इतका चिडलेला होता की अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र त्याने आधीच काढवून घेतलं होतं. अंबर मात्र १६२६ मध्ये म्हातारपणी आपल्या मरणाने गेला.

त्याच्या स्वारांना मुघल 'बर्गी' म्हणत. हा शब्द सव्वाशे वर्षांनी बंगालच्या अंगाईगीतात जाऊन बसला. तिथल्या पोरांना बर्गीची भीती घालून झोपवत, आपल्याकडे बागुलबुवाची घालतात तशी.

१६५७ च्या एप्रिल-मेमध्ये जुन्नर मुघलांकडे होतं. शिवाजीराजांची माणसं एका रात्री दोराच्या शिड्यांनी गावाचा तट चढून आत उतरली. वर अंधारात शिवनेरी, राजांचं जन्मस्थान, तोही मुघलांच्याच ताब्यात. गडाला त्यांनी हात लावला नाही. तीन लाख होन आणि दोनशे घोडे घेऊन ती निघून गेली. होनांचा आकडा सगळे सांगतात, मला घोड्यांचा जास्त बोलका वाटतो. पागेत घोडे आले की त्यांच्यावर बसायला बारगीर मावळात हवे तेवढे होते.